पीएचडीला रुजू होण्याआधी तारखा विचारा

नेट-जेआरएफचा, म्हणजे पीएचडीसाठी फेलोशिप मिळवून देणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास कसा करायचा, विषय कसा निवडायचा, मुलाखतीत काय विचारतात हे सांगणारे भरपूर आहेत आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. ते मी परत सांगत बसत नाही. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीनंतर जेआरएफ मिळालं, जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएचडी केली, आणि त्यात एका गोष्टीने मला जो फटका दिला तिच्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती म्हणजे फेलोशिपवर रुजू होण्याची तारीख आणि विद्यापीठात नोंदणी होण्याची तारीख यांतली तफावत. तीच इथे सविस्तर सांगते. बाकीचं ओझरतं.

विज्ञानात पीएचडी करणाऱ्याच्या डोक्यावर दोन घड्याळं चालू असतात. पहिलं फेलोशिपचं. संस्थेत जाऊन जॉइनिंग रिपोर्टवर सही केली की ते सुरू. एकूण पाच वर्षं: पहिली दोन जेआरएफ, मग समितीपुढे सादरीकरण आणि एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला अनुक्रमे ३७ हजार आणि ४२ हजार, घरभाडं वेगळं. दुसरं घड्याळ विद्यापीठाचं. ते नोंदणीच्या तारखेपासून चालतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम, धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. या दोन घड्याळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मला हे कळलं तेव्हा पहिलं बरंच पुढे गेलं होतं.

जिथे प्रयोगशाळा आणि पदवी देणारी संस्था एकच, तिथे फारसा घोळ होत नाही. आयसर, आयआयएस्सी, टीआयएफआर स्वतःच्या पदव्या देतात. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमधली, म्हणजे पुण्याच्या एनसीएलमधलीसुद्धा, बहुतेक मुलं एसीएसआयआर या तिच्याच पदवी देणाऱ्या अकादमीकडे नोंदवली जातात. तिथे प्रवेश आणि नोंदणी साधारण एकाच हंगामात उरकते. पण कॉलेजातलं मान्यताप्राप्त केंद्र असेल, तर रुजू व्हायचं एका दारात आणि नोंदणी दुसऱ्या दारात. विद्यापीठाची जाहिरात कधी निघेल ते विद्यापीठ ठरवणार. जेआरएफवाल्यांना पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही हे खरं, पण मुलाखत, गाईडकडे रिकामी जागा, विषयाला समितीची मंजुरी, फी आणि मग कधीतरी नोंदणीचं पत्र. दर पायरीला एक बैठक. आणि बैठका पुढे ढकलल्या जातात, हे काय मी सांगायला हवं?

माझे गाईड सर म्हणाले, "तू आधी रुजू हो, फेलोशिप तर चालू होऊ दे, नोंदणीचं बघू." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. लॅबला माणूस हवा होता, मला पैसे हवे होते. मी शेतांतली माती गोळा केली, स्ट्रेन वेगळे केले, प्लेटा ओतल्या, सिक्वेन्सिंगला नमुने पाठवले. काम चालू म्हणजे पीएचडी चालू असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, घरचेसुद्धा. विद्यापीठाच्या दप्तरात मी अजून कुणीच नव्हते.

आता हिशोब करा. समजा ऑगस्टमध्ये रुजू झालात आणि नोंदणी पुढच्या जुलैत झाली. फेलोशिपची पाच वर्षं संपतील तेव्हा नोंदणीला जेमतेम चार झालेली असतील. चार पुष्कळ वाटतात ना? त्यातले सुरुवातीचे महिने कोर्सवर्क खाणार, किमान १२ क्रेडिट. शेवटचे महिने सिनॉप्सिस (प्रबंधाचा गोषवारा), प्री-सबमिशनचं सादरीकरण, प्लेजरिझमचा अहवाल, बाइंडिंग आणि नो-ड्यूजच्या सह्या यांत जाणार. उरलेल्या काळात डीप फ्रीझर बंद पडणार, उन्हाळ्यात लाइट जाणार, मार्च एंडिंगला खरेदी अडकणार, मागवलेले प्रायमर चुकीचे येणार. प्रबंध दिल्यावर बाहेरचे किमान दोन परीक्षक. सादर केल्यापासून व्हायवासकट सगळं सहा महिन्यांत उरकावं असं नियमात आहे. नियमात आहे, एवढंच मी म्हणेन.

मुदत संपते म्हणून विद्यापीठ तुम्हाला लगेच हाकलत नाही. सहा वर्षांवर दोन वर्षांची वाढ मिळू शकते, महिलांना त्यावर आणखी दोन. वेळ मिळतो, पैसे मिळत नाहीत. माझ्या प्रबंधाचा बराचसा भाग मी तासिका तत्त्वावर शिकवत लिहिला: सकाळी बीएस्सीची प्रॅक्टिकलं, दुपारी लॅबमध्ये पुन्हा करायचे राहिलेले प्रयोग, रात्री टायपिंग. जमलं, पण ते टाळता आलं असतं.

म्हणून सही करण्याआधी विचारा. गाईडची मान्यता त्याच विद्यापीठाची आणि तुमच्याच विषयाची आहे ना? त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का? एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी चालतात. "एक जण सबमिट करतोय, त्याची जागा होईल," हे उत्तर मिळालं तर त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्या. ते निवृत्त कधी होणार? सेवेची तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. हे सरांच्या तोंडावर विचारायची लाज वाटते, मलाही वाटायची. मग ऑफिसातल्या क्लार्कला विचारा, त्याला सगळ्यांच्या तारखा पाठ असतात. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न: विद्यापीठाची पुढची प्रवेशफेरी कधी, आणि या केंद्रातल्या मागच्या मुलाला रुजू झाल्यापासून नोंदणीचं पत्र मिळेपर्यंत किती महिने लागले? त्या मुलाला शोधून त्याच्याकडूनच ऐका. जेआरएफच्या पत्राला मुदत असते. त्या मुदतीत थोडं थांबून, नोंदणी दिसायला लागल्यावर रुजू होणं हा पळपुटेपणा नाही. घरून दबाव येईल, "लागली ना फेलोशिप, मग जात का नाहीस?" येऊ द्या.

प्रोजेक्टवरचं जेआरएफ हा आणखी वेगळा प्रकार. तिथे पैसा गाईडच्या ग्रँटमधून येतो आणि ग्रँट बहुतेक तीन वर्षांची असते. ती संपली की तुमचं पदही संपतं, प्रयोग कितीही अर्धवट असोत. "पुढचा प्रोजेक्ट लिहिलाय, येईल," या वाक्यावर पाच वर्षं बांधू नका. पण स्वतःची फेलोशिप नसेल तर वर्षभर प्रोजेक्टवर काम करून हात तयार करणं उत्तम. माझ्या ओळखीतल्या कितीतरी चांगल्या मुली तशाच आल्या. ती नोकरी आहे, पीएचडी नव्हे, एवढं डोक्यात पक्कं असू द्या.

आणि आधीच अडकला असाल तर घाबरू नका, खरंच. नोंदणी व्हायच्या आधी शिकलेली तंत्रं कुठे जात नाहीत. त्या काळात वाचन संपवा, प्रबंधाचा मटेरियल्स अँड मेथड्सचा भाग लिहून ठेवा, प्रोटोकॉल बसवून घ्या. नोंदणी झाली की दर सत्राला सल्लागार समितीची बैठक व्हायलाच हवी, ती मागून घ्या. तोंडी नको, ईमेलने. बैठकीच्या इतिवृत्तात तुमची अडचण लिहून आली, तर पुढे मुदतवाढ मागताना तोच कागद उपयोगी पडतो. फेलोशिप यूजीसीची असेल तर संस्थेला दर महिन्याला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर पुष्टी द्यावी लागते. ती देणारा संस्थेतला नोडल अधिकारी रजेवर गेला की पैसे थांबतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या टेबलापाशी एकदा जाऊन यायचं. यात कमीपणा काही नाही.

गाईडबद्दल माझं मत कुणाला आवडणार नाही. मोठं नाव, दहा समित्या आणि सतत विमानतळावर असलेला गाईड मला नको. नुकता मान्यता मिळालेला, स्वतःच्या पेपरसाठी धडपडणारा सहायक प्राध्यापक त्यापेक्षा बरा. त्याची प्रगती तुमच्या प्रगतीवर अवलंबून असते. मात्र लॅबमध्ये सध्या असलेल्या मुलांना विचारून काही कळत नाही, ती अडकलेली असतात. लॅब सोडून गेलेल्यांना फोन करा.

पेपरचंही तसंच. व्हॉट्सॲपवर "दहा दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेटसह" अशा जाहिराती फिरतात. तिकडे फिरकूही नका. तो पेपर बायोडेटामध्ये जन्मभर दिसत राहतो आणि मुलाखतीला बसलेला परीक्षक आधी तिथेच बोट ठेवतो. प्रबंधाआधी पेपर हवाच ही सक्ती २०२२च्या नियमांनी काढली, यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादीही, २०२५मध्ये बंद झाली. त्यामुळे जर्नल बरं की वाईट हे आता तुम्हाला आणि तुमच्या संस्थेलाच ठरवायचंय. साधी कसोटी अशी: तुम्ही स्वतः ज्या जर्नलमधले पेपर वाचून प्रयोग केलेत, तिथे पाठवा. तिथून नकार आला तरी परीक्षकांचे शेरे फुकटात मिळतात. आणि वाचकांकडून वर्गणी घेणाऱ्या पुष्कळ चांगल्या जर्नलांमध्ये लेखकाला छापण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. हे मला पहिल्या पेपरपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पदवीनंतरही तारखांचा जाच सुटत नाही, फक्त मोजायची रीत बदलते. भारतात वय मोजतात: पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी (पोस्टडॉकसाठी) असलेल्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला सर्वसाधारण मर्यादा ३५ वर्षं. युरोपात बहुधा पदवीपासूनची वर्षं मोजतात: जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनच्या पोस्टडॉकसाठी चार, युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपसाठी आठ. त्यामुळे ज्यांची पीएचडी लांबली त्यांना इथली दारं आधी बंद होतात आणि बाहेरची उघडी राहतात. वय वाढलं म्हणून बाहेर अर्जच न करणारे पाहिले की मला राग येतो. कॉलेजातच शिकवायचं असेल तर वेगळं गणित: जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरतं, पीएचडी सक्तीची नाही. नुसत्या त्या नोकरीसाठी पीएचडीला बसत असाल तर दोनदा विचार करा. जाहिराती कमी आणि तासिकेवर वर्षानुवर्षं काढणारे डॉक्टर भरपूर, हे तुम्हाला कुठल्याही स्टाफरूममध्ये दिसेल.

बाहेर अर्ज करणार असाल तर पदवीची कुठली तारीख धरतात ते त्या त्या पत्रकात आधी बघा. कुठे व्हायवाची, कुठे विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची, कुठे प्रमाणपत्रावरची. व्हायवा झाला की दीक्षान्त समारंभाची वाट न पाहता प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज टाका.