बंद पडलेल्या फ्रिजातलं वाचनालय: तयारीची यादी

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत घरोघरचं जुनं सामान जिन्यापाशी येऊन थांबतं. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही तिथे पोचायला हवं, म्हणून तयारी नवरात्रातच सुरू करा. एक दाराचा बंद पडलेला फ्रिज, पत्र्याची ट्रंक, पडद्यांच्या स्प्रिंगा, गेल्या वर्षांची कॅलेंडरं हे सगळं मागून ठेवा. फ्रिजाचं हे कपाट, म्हणजे कुणीही पुस्तक न्यावं-ठेवावं असं सोसायटीचं खुलं वाचनालय, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, उघडता आलं तर उत्तम, कारण मग मृग लागेपर्यंत तीन महिने कोरडे मिळतात. उणिवा त्या तीन महिन्यांत लक्षात येतात आणि दुरुस्तही होतात.

फ्रिज कशाला, लाकडी शोकेस का नको, असं आमच्या सोसायटीतही विचारलं गेलं. शोकेस दिसते छान, पण उघड्यावर एका पावसाळ्यात तिचं प्लाय फुगतं. फ्रिजच्या अंगाला पत्रा असतो, आतल्या फोममुळे उन्हाची धग पुस्तकांपर्यंत पोचत नाही आणि जाळीच्या फळ्या तयारच मिळतात. शोकेस छपराखालीच ठेवायची असेल तर जरूर वापरा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी टॉड बोल यांनी २००९ साली शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या आठवणीत कुणीही पुस्तक न्यावं-ठेवावं अशी त्यांची पहिली पेटी बनवली, तीही गॅरेजच्या जुन्या दाराच्या लाकडाची. घरात जे पडून आहे त्यातूनच सुरुवात करायची, हे त्यांच्याकडून घ्यावं. सामान मात्र आपल्या पावसाला टिकेल असं निवडावं.

सामानाच्याही आधी जागा ठरवा. जिन्याखालची किंवा पॅसेजमधली मोकळी जागा बघून मोह होतो, पण आग लागली तर माणसं तिथूनच बाहेर पडणार असतात. तिथे काहीही ठेवू नका, मीटरबॉक्सजवळ तर नाहीच. पार्किंगमधली भिंत किंवा गेटच्या आतला कोपरा चांगला. पावसाचा मारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दाराचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला हवं. फुटपाथवर ठेवायचं तर पालिकेची परवानगी लागेल, शक्यतो सोसायटीच्या हद्दीतच राहा. कमिटीला लेखी पत्र द्या. देखभाल कोण करणार आणि उद्या कपाट हलवायची वेळ आली तर ते कोण हलवणार, हे त्यात नावानिशी लिहा. त्या दोन नावांमुळेच बहुतेकांचा विरोध मावळतो.

आता फ्रिजकडे वळू. इथे घाई करू नका. मेकॅनिकला बोलावून आधी गॅस रीतसर काढून घ्या, मग कॉम्प्रेसर. नळी स्वतः कापू नका. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजांत पेट घेणारा गॅस असतो, आणि काहींच्या बाजूच्या पत्र्याआडूनही नळ्या गेलेल्या असतात. गॅस निघेपर्यंत ड्रिल हातातही धरायचं नाही. जुन्या काळचं खटक्याचं कुलूप असेल तर ते काढूनच टाका, कारण ते आतून उघडत नाही आणि लपाछपी खेळणारं मूल आत अडकू शकतं. त्याच कारणाने फळ्या सहज निघणार नाहीत अशा स्क्रूने पक्क्या करा.

कॉम्प्रेसर गेला की फ्रिजचा बुडखा हलका होतो, आणि दाराच्या कप्प्यात पुस्तकं भरून दार उघडलं की सगळं धूड पुढे झुकतं. यादीतली ही नोंद कुणीही गाळू नये: मागच्या भिंतीला दोन अँगल, फिशर (भिंतीत स्क्रू पक्का बसवणारी प्लास्टिकची खुंटी) आणि स्क्रू लावून फ्रिज बांधून टाकायचा. खाली विटांचा वीतभर उंच ओटा हवा, म्हणजे साचलेलं पाणी लागत नाही.

फ्रिजचा गुण तोच त्याचा दोष. दाराचं रबर हवा अडवतं, आणि कोंडलेल्या दमट हवेत आठवड्याभरात पुस्तकांवर बुरशी येते. म्हणून एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर दोन-दोन भोकं पाडा. त्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा आणि तोंडाला डासांची जाळी चिकटवा. हवा खेळती राहते, पाणी आत येत नाही. दाराच्या खालच्या कडेचं रबर कापून टाका, वरचं राहू द्या. माथ्यावर पुढे वीतभर आलेला उतरता पत्रा हवा, म्हणजे पागोळ्या दारावर न पडता पुढे पडतील.

आतली मांडणी मला या सगळ्यात सर्वांत आवडते. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये लहान मुलांची पुस्तकं, कारण मुलं तिथेच फतकल मारून बसतात. बाटल्यांच्या कप्प्यात पातळ पुस्तकं उभी राहतात, पण ती बाहेर पडू नयेत म्हणून पडद्याची स्प्रिंग आडवी ताणून लावा. फ्रीझरचा डबा काढला की त्या जागेत दिवाळी अंक आडवे बसतात. फाटक्या मुखपृष्ठांना जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घाला, आपल्या वह्या-पुस्तकांना घालायचो तसाच. ट्रंक कुणाच्या तरी घरी ठेवा, जादाची पुस्तकं तिच्यात राहतील.

सुरुवातीला साठ-सत्तर पुस्तकं पुरतात, त्यातली निदान एक तृतीयांश मुलांची. गठ्ठे स्वीकारण्यापूर्वी घरी जाऊन बघा. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं आणि वाळवी लागलेले ग्रंथ प्रेमाने परत करा. एकदा रद्दी आत शिरली की वाचणारा माणूस दुसऱ्यांदा दार उघडत नाही. दिवाळी अंक मात्र मोकळ्या हाताने घ्या. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आहे. घरोघरी अंक वाचून होतात, जपून ठेवायला जागा नसते आणि फेकवतही नाहीत. देणाऱ्याचा संकोच मोडायला याहून सोपी वस्तू नाही.

कसर आणि किडीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी बदला. डांबरगोळ्या नकोत, मुलांचे हात तिथे सतत असतात.

रजिस्टर ठेवू नका असं माझं मत आहे. ज्याला नाव लिहायला लावता तो संकोचाने पुस्तक परत ठेवून जातो. पुस्तकाच्या आत एक शिक्का पुरे: ‘वाचा, पुढे द्या, विकू नका.’ सातारा जिल्ह्यातल्या भिलार या ‘पुस्तकांच्या गावात’ ४ मे २०१७ पासून पुस्तकं लोकांच्या घरांत ठेवली आहेत आणि पाहुणे तिथेच बसून वाचतात. त्या गावाने विश्वास टाकला, आपणही टाकू शकतो. देखभालीला मात्र दोन माणसं हवीत, कारण मे महिन्यात एक जण गावी जाणारच. वॉचमनकाकांना कल्पना द्या, काम देऊ नका. संध्याकाळी खाली बसणाऱ्या आजींपैकी कुणी तयार असेल तर त्यांना किल्ली नसलेलं एक पद द्या: रोज दार उघडून हात फिरवायचा, ओल लागली तर सांगायचं.

शेवटची तयारी मेच्या अखेरीस. पुस्तकं ट्रंकेत हलवा, प्रत्येक फळीवर वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा, दार लावा आणि माथ्यावरून, दोन्ही बाजूंनी, पाचसहा बादल्या पाणी ओता. तासाभराने उघडून कागद बघा. ज्या कोपऱ्यात डाग पडला असेल तिथे पेन्सिलीने खूण करा, कोरडं झाल्यावर सिलिकॉन भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादल्या ओता. कागद कोरडा निघाला की पुस्तकं परत लावायची.