मृगाआधी गाडीचा एसी फिल्टर बघा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर जातो. ब्लोअर चारवर ठेवूनही हवा मुळमुळीत आली की बहुतेक जण गॅस भरायला धावतात. त्याआधी केबिन फिल्टर काढून बघा. आपल्याकडे त्यालाच एसी फिल्टर म्हणतात.

उन्हाळाभर काळ्या रानातली धूळ फिल्टरच्या घड्यांत बसते. कोरडी असेपर्यंत ती नुसती हवा अडवते. खरा त्रास मृग बरसल्यावर होतो. दमट हवेत तीच धूळ ओलावा धरते, घट्ट बसते आणि तिच्यावर बुरशी येते. पावसाळ्यात एसी लावताच येणारा कुबट वास बऱ्याचदा तिथलाच. शिवाय अनेक फिल्टरच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक धूळ त्यानेच ओढली जाते. उष्णता आणि दमटपणा यांनी तो भार उतरत जातो. कार्बनच्या फिल्टरमध्ये तर पाण्याची वाफच बारीक छिद्रं अडवते, मग वास शोषायला जागा उरत नाही. म्हणून किलोमीटर भरायची वाट बघू नका. मेअखेरीला एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा फिल्टर बघाच.

बहुतेक गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. गाडी बंद करा, कप्पा रिकामा करा, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडा. मागे लांबट झाकण दिसेल, त्याच्या क्लिपा हलक्या हाताने काढा. उन्हात तापून प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. फिल्टर आडवाच ओढा, नाहीतर सगळा कचरा ब्लोअरमध्ये पडेल. त्यावरचा बाण कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलवर टिपून ठेवा. खोबण कोरड्या फडक्याने पुसा आणि नवा फिल्टर त्याच दिशेने बसवा.

जुना फिल्टर पाण्याने धुऊ नका. कागदी घड्या मोडतात, विद्युतभारही जातो. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेनेही धागे फाटतात. वरवरची धूळ असेल तर हलकेच झटका. घड्या काळवंडल्या असतील किंवा वास येत असेल तर सरळ बदला.

माझी गाडी लिंबाखाली उभी असते. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाला साचतो, पावसात कुजतो आणि ती ओल आत ओढली जाते. ती जाळी दर आठवड्याला हाताने साफ करा. नवा फिल्टर टाकूनही वास राहिला, तर कूलिंग कॉइल साफ करून घ्यावी लागेल. ती ओली राहू नये म्हणून घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा.