साथ रोखण्यापूर्वी लोकांची आजाराविषयीची धारणा कशी समजून घ्यावी?

साथप्रतिबंधाची योजना आखताना जंतू, प्रसाराचा मार्ग आणि लस यांचा विचार आधी होतो. लोक त्या आजाराला काय समजतात, हा प्रश्न मात्र बहुधा विरोध सुरू झाल्यावरच विचारला जातो. तो पहिल्याच आठवड्यात विचारावा. आजार कशामुळे होतो असे मानले जाते, उपचारासाठी लोक प्रथम कोणाकडे जातात, रुग्णाला भेटणे कर्तव्य समजले जाते का आणि आजार उघड झाल्यास नोकरी किंवा सोयरीक धोक्यात येते का, एवढे कळले तरी बरेच साधते. छापील प्रश्नावलीला लोक अपेक्षित उत्तरे देतात. म्हणून घरातील मागील आजारपणात काय काय घडले, ते क्रमाने सांगायला लावावे. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण संसर्गाचा धोका त्यांनाच अधिक असतो.

यानंतर रूढीचे टप्पे पाडावेत आणि ज्या टप्प्यात संसर्ग होतो तेवढाच बदलावा. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथे 2014 ते 2016 या काळातील इबोलाच्या साथीत अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली. इबोलाने मृत्यू पावलेल्या व्यक्तीचे शरीर अत्यंत संसर्गजन्य असते, त्यामुळे मृतदेहाला स्नान घालण्याच्या प्रथेतून रोग पसरत होता. सुरुवातीला पथके मृतदेह परस्पर घेऊन जात, तेव्हा कुटुंबे रुग्ण लपवू लागली आणि गुपचूप दफन करू लागली. नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. तीत स्पर्श टाळला होता, परंतु प्रार्थना, कफन आणि कुटुंबाचा सहभाग यांना जागा ठेवली होती. संपूर्ण विधीवर बंदी घालणे प्रशासनाला सोपे वाटते, पण त्यातून विधी थांबत नाही, तो केवळ नजरेआड होतो.

क्षयरोग, कुष्ठरोग आणि एचआयव्ही यांच्या बाबतीत अडचण रूढीपेक्षा कलंकाची असते. घरावर फलक लावणे किंवा रुग्णांची नावे जाहीर करणे टाळावे, कारण त्यामुळे शेजारी सावध होण्याऐवजी पुढचा रुग्ण तपासणीपासून दूर राहतो. विलगीकरणात बुडणाऱ्या रोजगाराची सोय आधी करावी. ती नसेल तर नुसत्या समुपदेशनाचा फारसा उपयोग होत नाही.

अफवेला उत्तर देण्यापूर्वी तिचा इतिहास शोधावा. नायजेरियातील कानो येथे 2003 मध्ये लसीमुळे वंध्यत्व येते या समजुतीतून पोलिओ लसीकरण थांबले आणि विषाणू पुन्हा अनेक देशांत पोहोचला. त्याच शहरात 1996 च्या मेंदुज्वराच्या साथीत मुलांवर झालेल्या औषधचाचणीवरून वाद झाला होता. म्हणजे संशय निव्वळ अज्ञानातून आलेला नव्हता. इंडोनेशियात तयार झालेली लस स्थानिक नेत्यांनी स्वीकारल्यावर 2004 मध्ये मोहीम पुन्हा सुरू झाली. अशा वेळी विश्वासातील व्यक्तीला केवळ घोषणा वाचायला बोलावू नये, तर लस कोठून आणायची आणि तिची तपासणी कोणी करायची या निर्णयांतही सहभागी करून घ्यावे. साथ लांबली की भीती ओसरते आणि कंटाळा वाढतो, म्हणून हीच चौकशी दर काही आठवड्यांनी पुन्हा करून सूचनांमध्ये त्याप्रमाणे फेरबदल करावा.