ग्रामसभेत बोलताना दृष्टान्त अर्धा सोडू नका

मागणी एकच ठेवा, आकडे कागदावर घ्या, तीन-चार मिनिटांत आटपा. एवढं सगळ्यांना जमतं.

लोक फसतात ते दृष्टान्तात. 'एकी हेच बळ', 'पाणी म्हणजे अमृत' ही वाक्यं भाषणाच्या पुस्तकातून उचलूच नका. झिजून गेलीत ती. उपमान ऐकणाऱ्याच्या वावरातलं, कोठ्यातलं हवं.

तेवढ्यानंही भागत नाही. वावरात जाणाऱ्या पांदण रस्त्यासाठी बोलताना मी म्हटलं, 'गाव म्हणजे बंडी, एक चाक मोडलं की बंडी बसते', आणि खाली बसलो. पुढचा अर्धा तास मोडकं चाक म्हणजे कोणता मोहल्ला, यावर भांडण. पांदणीचं नावही निघालं नाही. चूक माझी होती: चाक म्हणजे काय, हे मी सांगितलंच नव्हतं.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे दृष्टान्त त्याच पंथातल्या केसोबासांनी तेराव्या शतकात 'दृष्टान्तपाठा'त मांडले, त्यांची घडण बघा: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतलं काय मुद्द्यातल्या कशाशी जुळतं ते. ही तिसरी पायरी गाळली, की लोक आपापला अर्थ लावतात.

पुढच्या सभेत मी असं बोललो: 'म्हैस दुभती आहे, पण कोठ्याच्या दारात भिंत पडली. चरवी घेऊन आत जाता येत नाही. सांगा, दूध निघते काय?' मागून दोघं-तिघं बोलले, 'कुठून निघन!' लगेच जोडलं: 'म्हैस म्हणजे आपलं वावर, दार म्हणजे पांदण. परतीच्या पावसात सोयाबीन कापून पडते आणि चिखलातून थ्रेशर आत येत नाही. दार मोकळं करा.' यावर कोणी मोहल्ला काढला नाही.

प्रश्न विचारून थांबायचं, हे गाडगेबाबांच्या कीर्तनातलं. ते उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. थांबायला धीर लागतो. स्वतःच उत्तर देऊन टाकू नका.

आदल्या दिवशी दृष्टान्त घरी एकाला ऐकवा आणि विचारा, 'कोण आठवलं?' गावातल्या कोणाचंही नाव आलं, तर तो दृष्टान्त टाकून द्या, कितीही आवडला असला तरी. माणसाला जनावराची उपमा तर कधीच नको. ती पिढ्यानपिढ्या विसरली जात नाही.

शेवटी मागणी साध्या शब्दांत, उपमेशिवाय. ठराव इतिवृत्तात लिहिलेला स्वतः वाचा, मगच उठा.