अण्णा भाऊंच्या नावाने कोल्हापुरात कलामहोत्सव भरवायचा तर

अण्णा भाऊ साठे यांची जयंती १ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात. उघड्या मैदानाचा विचार सोडा आणि सभागृह ठरवा. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन सोयीचं पडतं. तिथं कलादालनही असल्याने चित्रं किंवा छायाचित्रं त्याच आवारात मांडता येतात. तारीख मिळवायला चार-पाच महिने आधीच अर्ज द्या.

पहिला निर्णय संहितेचा. अण्णा भाऊंचा पोवाडा, कथा आणि लोकनाट्य, तिन्ही मंचावर आलं पाहिजे. नाहीतर नाव त्यांचं आणि शब्द पाहुण्यांचे, असं होतं. लेखकाचं निधन १९६९ चं, म्हणून स्वामित्वहक्क २०२९ अखेरपर्यंत लागू आहे. हौशी संस्थेने मोफत प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. मात्र तिकीट लावणार असाल, मानधन देऊन व्यावसायिक संच आणणार असाल, कथेचं नाट्यरूपांतर करणार असाल किंवा प्रयोग यूट्यूबवर दाखवणार असाल, तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. नाट्यप्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. संहिता दोन महिने आधी पाठवली की धावपळ होत नाही.

लोकनाट्य बसवताना एक गोष्ट सांभाळा. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनगीतात, देवाऐवजी मायभूमीला वंदन केलं आणि गवळण, म्हणजे कृष्ण आणि गवळणींच्या थट्टेचा भाग, गाळली. ‘रंगत येईल’ म्हणून दिग्दर्शक गवळण परत घालतात. ती घालू नये, कारण तो बदल त्यांनी विचार करून केला होता. ‘अकलेची गोष्ट’ किंवा ‘देशभक्त घोटाळे’ घेतलंत तर किमान वीस तालमी धरा. बतावणीतल्या, म्हणजे विनोदी संवादांतल्या, हजरजबाबीपणाला पाठांतर पक्कं लागतं.

खरी कसोटी लागते वाद्यांची. दमट हवेत डफ आणि हलगीचं कातडं सैल पडतं, कडकडाट जातो आणि नुसता भद्द आवाज येतो. एरवी वादक पाचटाच्या जाळावर हलगी शेकतात, पण सभागृहात जाळ चालत नाही. मागच्या खोलीत विजेची शेगडी ठेवा, हलगी हातभर अंतरावर फिरवत दोन-तीन मिनिटं तापवा आणि मधूनमधून टिचकी मारून सूर पाहा. फार जवळ धरली तर कातडं फाटतं. ढोलकी मात्र शेकू नका, तिच्या कातड्यावरची शाई (काळा लेप) तडकते. ती कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि प्रयोगाआधी अर्धा तास सुरात चढवा. हलगी, घुमकं (ढोलासारखं चर्मवाद्य) आणि कैताळ (मोठी झांज) यांचा ताफा दारात, छताखाली उभा करा. आत तो पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजला तर पुढचा पोवाडा फिका वाटतो.

ध्वनिवाल्याला आधीच सांगा, ‘इको’ पूर्ण बंद. पोवाड्यात शब्द धावतो. इको असला की ओळीवर ओळ चढते आणि काहीच कळत नाही. शाहिराच्या हातात डफ असतो, म्हणून त्याला डोक्यावरचा माइक द्या. चार झीलकऱ्यांना (शाहिरामागे साथ गाणाऱ्यांना) स्टँडवर दोन, ढोलकीच्या दोन्ही तोंडांना एकेक आणि तुणतुण्याला अगदी जवळ एक. तुणतुणं ऐकू आलं नाही तर झीलकऱ्यांचा सूर उतरतो. बंद सभागृहात हलगीला माइक नको.

वेळापत्रक असं बसतं: चारला हलगी, सव्वाचारला पोवाडे, पाचला कथेचं अभिवाचन, साडेपाचला दोनच भाषणं, प्रत्येकी दहा मिनिटं. मग चहा, आणि साडेसहाला लोकनाट्य. अभिवाचनाला कथा निवडताना लक्षात ठेवा, मिनिटाला साधारण ११० शब्द वाचून होतात. अर्ध्या तासाला तीन हजारांहून लांब मजकूर नको. सत्कार भाषणांच्या वेळेतच उरका. लोकनाट्याच्या मध्ये सत्कार घातला की रंग मोडतो, आणि गावाकडची शेवटची एसटी गाठायला अर्धं सभागृह उठतं.

आता पंचगंगा नदीच्या पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. वाटेगाव, वाळवा, सांगली या बाजूने येणारे कलाकार त्याच रस्त्याने येतात. आदल्या दिवशी पाणी ३५ फुटांच्या पुढे आणि चढतं असेल, तर संच त्याच संध्याकाळी शहरात आणून मुक्कामाची सोय करा. पाणी इशारा पातळी ओलांडून चढतच राहिलं तर महोत्सव पुढे ढकला. म्हणूनच सभागृहाची तारीख घेतानाच सप्टेंबरमधली एक राखीव तारीख मागून ठेवावी.