समुपदेशनाचे स्वतंत्र केंद्र सुरू करताना

स्वतःचे समुपदेशन केंद्र काढायचे ठरले की बहुतेकांची सुरुवात जागा आणि पाटी यांच्यापासून होते. त्याआधी आपण कोणते काम करण्यास पात्र आहोत आणि कोणते करणार नाही, हे स्पष्ट लिहून काढावे. मानसशास्त्रात एम.ए. केल्याने कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचे निदान व औषधांविना उपचार करणारा तज्ज्ञ, होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने नोंदणीच्या चौकटीत घेतले आहे, म्हणून राज्य परिषदेच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. पाटीवर आणि पावतीवर पदवी जशी आहे तशीच लिहावी. औषधे देणे हा आपला अधिकार नाही, त्यामुळे केंद्र उघडण्यापूर्वीच जवळच्या एक-दोन मानसोपचारतज्ज्ञांना भेटून, कोणत्या लक्षणांवर सल्लार्थीला त्यांच्याकडे पाठवायचे हे बोलून घ्यावे.

जागेचा विचार गोपनीयतेपासून सुरू करावा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच गोष्टीला द्यावा. सांगली, सातारा, लातूर यांसारख्या शहरांत माणसे एकमेकांना ओळखतात. समुपदेशकाच्या दारात दिसलो तर घरी आणि कचेरीत काय बोलले जाईल, या भीतीने अनेकजण जिन्यावरूनच परत फिरतात. म्हणून भर बाजारातल्या रस्त्यालगतच्या गाळ्यापेक्षा दवाखाने, वकील, सल्लागार अशी वेगवेगळी कार्यालये असलेल्या इमारतीतली खोली बरी, कारण तिथे येणारा माणूस नेमका कोणाकडे आला हे कळत नाही. दार बंद करून आतल्या माणसाला नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावे आणि आपण बाहेर बसून ऐकावे; शब्द कळत असतील तर जाड पडदे, दाराखालच्या फटीला पट्टी आणि प्रतीक्षेच्या जागेत पंख्याचा किंवा संथ संगीताचा आवाज यांची सोय करावी. दोन भेटींमध्ये निदान पंधरा मिनिटे मोकळी ठेवावीत, म्हणजे जाणारा आणि येणारा समोरासमोर येत नाहीत आणि आपल्यालाही नोंद लिहायला वेळ मिळतो. राहत्या सोसायटीतल्या सदनिकेत काम करायचे असल्यास सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी.

पहिल्या भेटीत द्यायचे संमतीपत्र साध्या मराठीत तयार करावे आणि ते केवळ सही करून न घेता समोर बसून वाचून दाखवावे. शुल्क, भेटीचा कालावधी, वेळ रद्द करण्याचा नियम आणि भेटींच्या मधल्या काळात फोन कधी घेतला जाईल, हे त्यात असावे. मात्र त्यातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद गोपनीयतेच्या मर्यादांचा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि जिवाला धोका असणे किंवा दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवणे असे अपवादही त्यातच आहेत. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. हे आधी सांगितलेले नसेल, तर बोलून मोकळ्या झालेल्या मुलीला किंवा मुलाला नंतर आपण फसवलो गेलो असे वाटते. ती जखम भरून काढणे फार कठीण असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, पण मुलाचे कोणते बोलणे पालकांना सांगितले जाणार नाही हेही त्याच वेळी दोघांसमोर ठरवावे. जोडप्यांसोबत काम करताना एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवली जाईल की नाही, याचाही नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

आत्महत्येचा धोका दिसल्यास काय करायचे, हे ऐन वेळी सुचत नाही. जवळचे रुग्णालय, मानसोपचारतज्ज्ञ आणि सल्लार्थीने स्वतः सुचवलेला नातेवाईक यांचे क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर असावेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाला छापून द्यावा. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे प्रयत्न लपवतात. अशा वेळी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे मानते, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

पैशांच्या बाबी तुलनेने सोप्या आहेत. दुकाने व आस्थापना कायद्याखालची ऑनलाइन सूचना आणि वर्षाला २,५०० रुपयांचा व्यवसाय कर यांची पूर्तता करावी. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे जाऊ लागली की जीएसटीबाबत सनदी लेखापालाला विचारावे. कमी शुल्काच्या काही भेटी राखून ठेवायच्या असतील तर त्यांची संख्या आधी ठरवावी, अन्यथा प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा पाहून दर ठरू लागतो आणि नात्यात अवघडलेपण येते.

नोंदी कुलूपबंद कपाटात किंवा पासवर्ड असलेल्या संगणकावर ठेवाव्यात, आणि व्हॉट्सॲपवर केवळ भेटीची वेळ ठरवावी. अनुभवी समुपदेशकाकडून नियमित सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर चर्चा व मार्गदर्शन, घेण्याचा खर्च भाड्याइतकाच अटळ मानून सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरावा. त्याचबरोबर एका विश्वासू सहकाऱ्याशी लेखी करार करावा, की आपण अचानक आजारी पडलो किंवा आपला मृत्यू झाला, तर सल्लार्थींना तो कळवेल, त्यांची पुढची सोय करेल आणि कपाटाची किल्ली घरच्यांऐवजी त्याच्याकडे जाईल.