सुपरनोव्हाचा प्रकार ओळखायला प्लास्टिकची पट्टी

नव्या सुपरनोव्हाचा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा) वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश आला याचा आलेख, समोर आला की सगळ्या रेषा सरकलेल्या असतात, आणि सिलिकॉनची खाच कुठली, हायड्रोजन कुठला, यातच रात्र जाते. मी बर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडून एक ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) आणली. आता पहिला अंदाज दोन मिनिटांत येतो.

१. आधी ६८७० आणि ७६०० अँगस्ट्रॉमवर (तरंगलांबीचं एकक) आलेखात पेन्सिलीने फुली मारा. त्या खाचा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या. हे पहिलं करा, नंतर त्या सरकतात आणि भलताच घोळ होतो.

२. यजमान दीर्घिकेचं, म्हणजे सुपरनोव्हा जिच्यात आहे तिचं, ताम्रसृती मूल्य (दूर जाण्यामुळे रेषा लाल बाजूला किती सरकल्या ते) घ्या, त्यात १ मिळवा आणि प्रत्येक तरंगलांबीला त्याने भागा. मूल्य ०.०३ असेल तर ६३३५ वरची खाच ६१५० वर येते.

३. आलेख नेहमी एकाच मापात छापा. शीटवर ६१५० ला 'सि' (सिलिकॉन), ६५६३ ला 'हा' (हायड्रोजन) आणि ५७०० च्या आसपास 'ही' (हेलियम) लिहून ती वर ठेवा.

'सि'खाली खोल, रुंद खाच म्हणजे बहुधा आयए (Ia) प्रकार. सिलिकॉनची मूळ रेषा ६३५५ ची, पण स्फोटाचा मलबा सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटरने आपल्याकडे येत असल्याने ती निळीकडे सरकते. 'हा'पाशी रुंद उंचवटा असेल तर दुसरा प्रकार (II). हायड्रोजन नाही, हेलियम आहे : आयबी (Ib). तिन्ही नसतील तर आयसी (Ic), पण ते घाईत ठरवू नका.

६५६३ वर सुईसारखं टोक दिसलं तर हुरळू नका, ते अनेकदा दीर्घिकेतल्या वायूचं असतं. मी एकदा त्यावरच 'दुसरा प्रकार' लिहून मोकळा झालो होतो. बाजूलाच सिलिकॉनची खाच होती.